जबाबदारी आस्थापनेची



स्वागत समितीच्या वतीनं पिंपरी-चिंचवडमध्ये आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. मोरया गोसावींच्या समाधीचं आणि चापेकर बंधूंचं हे गाव. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, वाहनांचे कारखाने आले आणि पवनाकाठची ही वस्ती गावोगावाहून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांची झाली. आज शेजारीच हिंजवडीत आयटीच्या इमारती उभ्या आहेत.

कामगाराचा हात यंत्रात सापडला तर काय करायचं, हे या नगरीला पक्कं ठाऊक आहे. प्रथमोपचार, सेफ्टी ऑफिसर, अपघाताची नोंद, चौकशी, सगळं ठरलेलं आहे. पण साहेबच जेव्हा माणसाचा स्वतःवरचा विश्वास रोज थोडाथोडा पोखरतो, तेव्हा त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. यालाच गॅसलायटिंग म्हणतात. त्याविषयी मोकळेपणानं बोलता यावं, म्हणून ही परिषद इथे भरवली आहे.

मी अनेक वर्षं पर्सोनेल खात्यात काम केलं. एकदा डिस्पॅच विभागातल्या एक बाई माझ्याकडे डायरी घेऊन आल्या. वरिष्ठांनी दिलेली प्रत्येक तोंडी सूचना त्यांनी तारीख-वेळ घालून लिहून ठेवली होती. कारण वरिष्ठ आज एक सांगत आणि उद्या चारचौघांत म्हणत, “मी असं बोललोच नव्हतो. तुमचं लक्ष असतं कुठं?” हरकत घेतली की ऐकावं लागे, “तुम्ही फार मनावर घेता. बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?” त्या बाईंनी माझ्याकडे कारवाई मागितली नाही. डायरी पुढे करून त्या एवढंच म्हणाल्या, “साहेब, हे नीट वाचून सांगा, माझंच काही चुकतंय का?”

कडक साहेब म्हणजे गॅसलायटिंग नव्हे. काम वेळेत मागणं, चूक दाखवणं, अप्रेझलमध्ये स्पष्ट बोलणं हा वरिष्ठांचा हक्कच आहे. विसर तर कुणालाही पडतो. पण समोरच्याला स्वतःच्या आठवणीची आणि अकलेचीच शंका यावी, असं वागणं पुन्हा पुन्हा होत असेल आणि त्यामागे हुद्द्याचं बळ असेल, तर तो अधिकाराचा गैरवापर आहे.

अशा माणसाची झोप उडते. साधा मेल तो पाच वेळा वाचतो आणि तरीही पाठवायला धजत नाही. सोमवारची मीटिंग रविवारी दुपारपासूनच छातीवर बसते. पुढे तो गप्प होतो, सांगितलं तेवढंच करतो, सुचलेलं मनातच ठेवतो. अशा वेळी वरिष्ठ म्हणतात, याचं कामात लक्षच नाही. यात आस्थापनेचंही नुकसान आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना 1990च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना दिसलं, की चांगलं नेतृत्व असलेल्या तुकड्यांत औषधांच्या चुका अधिक नोंदल्या जात होत्या, कारण तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. जिथे माणसं गप्प असतात, तिथे चुका झाकल्या जातात.

नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे 1,200 कोटी कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातले किती अशा वागणुकीमुळे, हे कुणी वेगळं मोजलेलं नाही. पण अशा छळाला संस्था जबाबदार धरली गेल्याचं उदाहरण आहे. फ्रान्स टेलिकॉम या दूरसंचार कंपनीला 2006 नंतर सुमारे 22,000 माणसं कमी करायची होती. बहुतेकांना सरकारी सेवेचं संरक्षण असल्यानं काढता येत नव्हतं. मग त्यांनी आपणहून जावं म्हणून बदल्या, हुद्दे उतरवणं, हातचं काम काढून घेणं सुरू झालं. न्यायालयासमोर 39 कर्मचाऱ्यांची प्रकरणं आली. त्यांतल्या 19 जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर 2019मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांनाही मानसिक छळासाठी दोषी ठरवलं. मनाची इजा हा कर्मचाऱ्याचा खाजगी दुबळेपणा नाही, ती संस्थेची जबाबदारी ठरू शकते, हे त्या निकालानं दाखवून दिलं.

आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्ध 2013चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तो कायदा सहज मिळाला नाही, स्त्रियांनी लढून मिळवला. इतर मानसिक छळासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. कामाच्या जागेवरील हिंसा आणि छळ यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2019चा करार क्रमांक 190 भारतानं अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, असा ठराव या परिषदेनं करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

पण कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. महत्त्वाची सूचना लेखी द्या. मीटिंगचं इतिवृत्त त्याच दिवशी सर्वांना पाठवा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच टेबलावर ती जाणार नाही अशी सोय करा. सहकाऱ्यांनो, खरं काय घडलं हे तुम्ही ऐकलं असेल, तर “हो, मीही तिथे होतो” एवढं बोला; एकट्या पडलेल्या माणसाला त्याचा फार मोठा आधार असतो. आणि ज्यांना हे सोसवेनासं झालं आहे, त्यांनी 14416 या टेली-मानस क्रमांकावर जरूर फोन करावा. तो शासनाचा आहे आणि विनामूल्य आहे.

राहण्या-जेवणात काही कमी वाटलं तर हक्कानं सांगा. आणि परत गेल्यावर आपापल्या कार्यालयातली निदान एक प्रलंबित तक्रार स्वतः उघडून वाचा, ही कळकळीची विनंती करून मी आपली रजा घेतो.