'काळ'कर्ते परांजपे : वक्रोक्ती आणि जामीन

(पेण येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील व्याख्यानाचा सारांश)



राजसत्तेचे नियम मोडणारे पत्रकार दोन प्रकारचे असतात. काही जण कायद्यावर उघड चालून जातात. काही जण कायद्याच्या शब्दाला धक्का न लावता त्याचा धाकच नाहीसा करतात. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे 27 जून 1864 रोजी जन्मलेले शिवराम महादेव परांजपे हे या दुसऱ्या प्रकारचे सर्वांत मोठे मराठी पत्रकार होत. संस्कृतचा गाढा व्यासंग आणि पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजातील प्राध्यापकी गाठीशी असलेल्या विद्वानाने सरळ मार्गाने सुखाचे आयुष्य काढावे, अशी त्या काळच्या व्यवहारी मंडळींची अपेक्षा. परांजपे यांनी मात्र 25 मार्च 1898 रोजी 'काळ' हे साप्ताहिक काढले. टिळकांवरील 1897 च्या खटल्यानंतर सरकारने राजद्रोहाचे 124-अ हे कलम अधिक व्यापक केले होते. ती दुरुस्तीही 1898 मधलीच. सापळा लावून झाल्यावर त्याच वाटेने हा गृहस्थ चालू लागला. त्याला विक्षिप्त म्हणणारे तेव्हा थोडे नसतील.

त्यांचे शस्त्र वक्रोक्ती. इंग्रजी राज्याची स्तुती अशी करावयाची की वाचणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी. पुराणातील कथा किंवा परदेशाचा इतिहास सांगावयाचा आणि त्याच्या आडून इथल्या गुलामगिरीचे चित्र उभे करावयाचे. सरकारी भाषांतरकाराच्या हाती शब्द लागत, अर्थ निसटून जाई. हा खेळ दहा वर्षे चालला.

1908 मध्ये तो थांबला. राजद्रोहाच्या आरोपावरून परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या खटल्यासाठी मुंबईस आलेल्या टिळकांनाही तेथेच अटक झाली. तथापि 'काळ' संपला तो तुरुंगामुळे नव्हे, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घेतली पाहिजे. संपादक सुटून आला होता, लेखणीही बोथट झाली नव्हती. पण 1910 च्या वृत्तपत्र कायद्याने सरकारला छापखान्याकडून रोख जामीन मागण्याचा, आणि मजकूर नापसंत ठरल्यास तो जप्त करण्याचा अधिकार दिला. वक्रोक्तीने फिर्यादी पक्षाला चकवता येते, हिशेबाच्या वहीला चकवता येत नाही. 'काळ' बंद पडला.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा धडा आहे. विचारस्वातंत्र्याला भौतिक पाया लागतो. कागद, शाई, खिळे, टपालखर्च आणि वर्गणी देणारा वाचक यांचा मिळून तो पाया बनतो. सत्ताधारी वर्ग हे पत्रकारांपेक्षा अधिक चांगले ओळखतो, म्हणून तो विचाराशी वाद घालण्याऐवजी पायाखालची वीट काढतो. 'काळ'ला भक्त वाचक पुष्कळ होते, पण संकटात पैशाचा भार उचलील अशी वाचकांची संघटना नव्हती. वक्रोक्तीचीही एक मर्यादा होती. ती उमगण्यास वाचक सुशिक्षित असावा लागतो. कुळाला आणि गिरणी कामगाराला आडून बोललेले नको असते.

ही मर्यादा ओलांडण्याची संधी परांजपे यांना उतारवयात मिळाली, आणि ती त्यांनी घेतली. टाटा कंपनीच्या धरणाखाली जाणाऱ्या मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे प्राण होते. साठीकडे झुकलेले परांजपे त्यात उतरले आणि 1922 मध्ये त्यांनी सहा महिन्यांचा कारावास पत्करला. येथे वक्रोक्ती नव्हती. जमीन कोणाची, आणि वीज कोणासाठी, हा सरळ प्रश्न होता. सत्याग्रह हरला आणि धरण झाले. त्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरते आणि रोह्यावरून समुद्राला मिळते. रोहेकरांच्या नदीत मावळच्या उठवलेल्या शेतकऱ्यांची बुडालेली शेते वाहतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 2008 मध्ये महामुंबई सेझच्या वेळी पेण तालुक्यातील शेतकऱ्यांचे मत घेणे सरकारला भाग पडले. तो प्रश्नही मुळशीचाच होता. या वेळी मात्र शेतकरी संघटित होता, आणि जमीन वाचली.

27 सप्टेंबर 1929 रोजी परांजपे निवर्तले. 124-अ कलम त्यांच्यानंतरही, स्वातंत्र्यानंतरही टिकले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित केला. 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण 152 वे कलम आहे. जुन्या जामिनाची जागा आज जाहिरातींनी घेतली आहे. त्या द्यावयाच्या की रोखावयाच्या, एवढ्यावर वृत्तपत्रे वाकतात.

म्हणून परांजपे यांच्या स्मृतीला हार घालून भागणार नाही. त्यांच्यासारखी लेखणी शतकातून एखादीच निपजते, पण तिला उभी ठेवणारा वर्गणीदार गावोगाव निपजू शकतो. पेण-रोह्याच्या प्रत्येक शाखेने आपल्या साप्ताहिकाचे अंक शेतकऱ्याच्या ओटीवर आणि कामगाराच्या खोलीवर पोचवावेत, तेथे ते वाचून दाखवावेत, आणि वर्गणी वेळेवर गोळा करावी. हे काम नीरस आहे. 'काळ' बंद पडला तो नेमके हेच काम करणारे हात नव्हते म्हणून.