सावलीचे समीकरण

पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण समीकरण सोडविण्यात नसते. ती असते समीकरण मांडण्यात. सूत्रे मुखोद्गत असतात, बीजगणितही पक्के असते. पण प्रश्न व्यवहारातल्या साध्या भाषेत पुढे उभा राहिला की लेखणी अडखळते. कोणत्या गोष्टीला अक्षर द्यावे आणि कोणती बाजूला ठेवावी, हे कोणतेही सूत्र सांगत नाही.

चंडीगढ शहरात असा एक प्रश्न इमारतींच्या भिंतींवरच उभा आहे. 1951 साली ह्या नव्या राजधानीच्या रचनेचे काम ल कॉर्ब्युझिए ह्या वास्तुशिल्पज्ञाकडे आले. उन्हाळ्यातले ऊन बाहेर थोपवावे आणि हिवाळ्यातले आत येऊ द्यावे, ही तेथील मोठी निकड होती. सचिवालयासारख्या इमारतींच्या दर्शनी भागावर दिसणारे खोल काँक्रीटचे पडदे ह्याच निकडीतून आले.

आता हाच प्रश्न विद्यार्थ्याने लहान करून घ्यावा. दक्षिणेकडे तोंड असलेली दीड मीटर उंचीची खिडकी आहे आणि तिच्या माथ्यालगत छज्जा काढावयाचा आहे. तो किती पुढे असावा? भिंतीचा रंग, वारा, काचेची जाडी ही सारी तूर्त दूर ठेवावी. उरतात तीनच राशी : छज्जाची रुंदी, सावलीची लांबी आणि मध्यान्हीच्या सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन. छज्जाच्या रुंदीला त्या कोनाच्या स्पर्शज्येने गुणिले की खिडकीवर उतरणारी सावली मिळते. समीकरण एवढेच!

पुण्या-मुंबईस सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो. चंडीगढ मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेस, सुमारे 30.7 अंशांवर असल्याने तेथे तो कधीच माथ्यावर येत नाही. 21 जूनच्या मध्यान्ही त्याचा कोन सुमारे 82.7 अंश असतो. हिशेब करावा, तर अवघा 19 सेंटिमीटरांचा छज्जा पुरतो. विद्यार्थी उत्तराखाली रेघ ओढतो आणि निश्चिंत होतो.

येथेच खरी परीक्षा आहे. चंडीगढचा उकाडा जूनबरोबर सरत नाही. तो सप्टेंबरातही रेंगाळतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य 59 अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि त्याच खिडकीला जवळजवळ 89 सेंटिमीटरांचा छज्जा लागतो. समीकरण तेच, उत्तर मात्र साडेचारपटींहून अधिक! शिवाय हा मोठा छज्जाही डिसेंबरअखेरीस, सूर्य 36 अंशांच्या आसपास असताना, खिडकीचा अर्ध्याहून अधिक भाग उन्हाला मोकळा ठेवतो.

मग तारीख कोणी निवडली? गणिताने नव्हे. ती त्या घरात राहणाऱ्यांच्या जीवनातून घ्यावी लागते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? चुकीच्या तारखेवर बांधलेले घर पुढे पन्नास वर्षे तापत राहते. आणि आकडेमोडीत चूक कोठेच सापडत नाही.

समीकरणाची मर्यादाही ध्यानी ठेवावयास हवी. पश्चिमेच्या खिडकीवर सायंकाळचे तिरपे ऊन छज्जाखालून सरळ आत शिरते. तेथे उभ्या पट्ट्यांची योजना लागते. ल कॉर्ब्युझिए ह्यांच्या 1965 मधील निधनानंतर, त्यांच्याच आराखड्यावरून चंडीगढात उभारलेला छायांचा मनोरा दिशेदिशेचा हा भेद उघड्यावर दाखवितो.

म्हणून पदार्थविज्ञानाचा पहिला पाठ कागदावर नव्हे, अंगणात गिरवावा. आधी सावली न्याहाळावी, मग तिला अक्षर द्यावे. आणि उत्तर आले की ते घेऊन पुन्हा त्याच सावलीपाशी जावे.