चर्मकामाचा धागा : निवड आणि जतन



चामड्याची वस्तू पारखताना ग्राहकाचे लक्ष प्रथम कातड्याकडे जाते. कातडे जाड आहे काय, ते नीट कमावलेले आहे काय, याची चौकशी होते. ते कोणत्या धाग्याने शिवले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तूच्या एकूण खर्चात धाग्याचा वाटा अल्प असतो. परंतु शिवण उसवली की चांगले कातडेही वाया जाते, मजुरी बुडते आणि कारागिराच्या नावास बट्टा लागतो. ग्रामीण चर्मोद्योगासाठी साहित्य खरेदी करणारे अधिकारी, हस्तव्यवसाय शिकविणारे शिक्षक आणि गावच्या कारागिरांच्या अडचणी जाणणारे पंचायत सदस्य यांनी म्हणूनच या लहानशा वस्तूकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

या व्यवसायाची महाराष्ट्रातील परंपरा मोठी आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे आणि खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने घातलेले टाके, ही पारंपरिक कोल्हापुरी चपलेची ओळख होय. २०१९ साली या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हे समाविष्ट आहेत. तथापि पिशव्या, कमरपट्टे, जनावरांचा साज आणि दुरुस्तीची असंख्य कामे धाग्यावरच अवलंबून असतात.

कामानुसार धागा

सुती व जवसाच्या तंतूचा धागा मेण लावून वापरण्याची रीत जुनी आहे. हा धागा भिजल्याने दुबळा होत नाही. उलट त्याची ताकद काहीशी वाढते. मात्र तो दीर्घकाळ ओलसर राहिला तर त्यास बुरशी लागते व तो कुजतो. नायलॉनचा धागा मजबूत असतो, घर्षण चांगले सोसतो आणि ताणही घेतो. परंतु सततच्या उन्हाने तो क्षीण होतो व भिजल्यावर त्याची ताकद थोडी घटते. पॉलिएस्टरचा धागा कमी ताणला जातो, पाणी जवळजवळ शोषीत नाही आणि ऊनही अधिक सोसतो. म्हणून उघड्यावर वापरल्या जाणाऱ्या साजासाठी व पट्ट्यांसाठी पॉलिएस्टर अधिक योग्य ठरतो.

जाडीबाबत खरेदीच्या वेळी मोठा घोटाळा होतो. १,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स. टेक्सचा आकडा वाढला की धागा जाड होतो. काही रिळांवर मात्र तिकीट क्रमांक छापलेला असतो व त्याचा क्रम नेमका उलटा असतो. तेथे मोठा आकडा म्हणजे बारीक धागा. यंत्रावर हलक्या पिशव्या व पाकिटे शिवण्यास टेक्स ७० च्या आसपासचा, तर कमरपट्टे व पिशव्यांचे बंद यांसाठी टेक्स १३५ च्या आसपासचा धागा सामान्यतः वापरतात. मागणीपत्रात केवळ ‘जाड, मजबूत धागा’ असे न लिहिता तंतूचा प्रकार, टेक्स, रंग आणि काम हाताचे की यंत्राचे, हे स्पष्ट नमूद करावे.

सर्वांत जाड धागा तो सर्वांत उत्तम, हा समजही बरोबर नाही. ताण आला असता कातडे फाटण्यापूर्वी धागा तुटावा, हे हितावह असते. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो. फाटलेले कातडे पूर्ववत होत नाही. जाड धाग्यासाठी मोठी सुई व मोठी छिद्रे लागतात. पातळ कातड्यावर अशी छिद्रे दाट पाडली, तर टपालाच्या तिकिटाप्रमाणे ते त्याच ओळीवर फाटते. आरीने छिद्र पाडून दोन सुयांनी शिवताना शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट धागा घ्यावा. कातडे जाड असल्यास त्याहून अधिक. मध्येच जोड द्यावा लागला तर ती जागा कच्ची राहते.

साठवण

चांगला धागाही निष्काळजी साठवणीने बिघडतो. पावसाळ्यात रिळे जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीशी ठेवू नयेत. झाकणाच्या कोरड्या डब्यात अथवा कपाटात ती ठेवावीत, म्हणजे उंदीर व धूळ यांपासूनही रक्षण होते. दुकानात शोभेसाठी उन्हात टांगलेली रिळे घेऊ नयेत. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याआधीच ते मऊ पडते. पत्र्याच्या छपराखाली तापणाऱ्या खोलीत मेणाचा धागा चिकट होतो व धूळ धरतो. गंजलेली आरी व खिळे धाग्यासोबत ठेवू नयेत. सालीने कमावलेल्या ओलसर कातड्यास लोखंडाचा गंज लागला तर काळे डाग पडतात.

रिळावरील चिठ्ठी काढू नये आणि तिच्यावर खरेदीची तारीख लिहावी. आधी आलेला माल आधी वापरावा. जुने रीळ घेताना बाहेरचा व आतला तुकडा हाताने ओढून पाहावा. बाहेरचा सहज तुटत असेल तर तेवढे थर काढून टाकावेत. आतलाही तुटत असेल, तर ते रीळ कामास घेऊ नये.

प्रशिक्षणासाठी पुरविलेला निकृष्ट धागा पुन्हा पुन्हा तुटला, तर शिकणारा स्वतःच्या हातास दोष देतो. म्हणून केवळ कमी दर पाहून खरेदी करू नये. आधी एक रीळ मागवून अनुभवी कारागिराकडून त्याच कातड्यावर शिवून घ्यावे आणि त्याचा अभिप्राय नोंदीस जोडावा. ज्याच्या नावाने वस्तू विकली जाते, त्याचे मत खरेदीत विचारले जाणे न्यायाचे आहे आणि शासकीय पैशाच्या दृष्टीने काटकसरीचेही आहे.