पऱ्हाटीच्या फुलात काय दडलंय
(वाशीम येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावावर मी आज बोलणार नाही. त्यावर बोलायला माझ्याहून जाणते लोक मंचावर बसले आहेत. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. परीक्षेत कपाशीच्या फुलाची आकृती काढली, मार्क मिळवले आणि विसरून गेलो. आपल्याला दरसाल बियाण्याची पिशवी का विकत घ्यावी लागते आणि बोंडअळी परत का आली, या दोन्हींची उत्तरं त्या आकृतीत होती. हे समजायला मला वीस वर्षं लागली.

येताना रस्त्यावरच्या वावरातून पऱ्हाटीचं एक फूल तोडून आणलं. एका बोंडाचं नुकसान केलं, वावरवाल्यानं माफ करावं.

हे बघा. बाहेर झालरीची तीन हिरवी पानं, आत पाच पाकळ्या. मधे एक नळी, तिच्यावर पिवळे बारीक दाणे चिकटल्यासारखे दिसतात ते पुंकेसर, म्हणजे नर. नळीतून वर डोकं काढते ती मादी. बुडाशी हिरवी गाठ आहे, तेच उद्याचं बोंड. भेंडीचं, अंबाडीचं फूल उघडून पाहा, घडण हीच. एकाच कुळातली आहेत. म्हणजे नर-मादी एकाच घरात नांदतात. सकाळी फूल उमलतं, पराग तिथल्या तिथं मादीवर पडतो, दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडून मिटतं. एका दिवसाचा कारभार. मधमाशी शेजारून थोडा पराग आणते, पण बहुतेक सरकी घरचीच.

एका सरकीला एक परागकण लागतो. बोंडात पंचवीस-तीस सरक्या, तेवढे कण पोचले पाहिजेत. उमललेल्या फुलावर सकाळीच पाऊस आला की कण पाणी पिऊन फुटतात, मग बोंड गळतं नाहीतर एखादी फाक पोचट राहते. आणि आपला कापूस तरी काय आहे? सरकीच्या सालीवरचे केस. एक धागा म्हणजे एक पेशी, आणि ती फूल उमलतं त्याच दिवशी वाढायला लागते.

आता हायब्रीड. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकर दिला. शेतकऱ्यांच्या वावरात मोठ्या प्रमाणावर गेलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. पण नर-मादी एकाच घरात असताना संकर होणार कसा? हातानं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, नखानं पाकळ्या आणि पुंकेसराची नळी खरडून काढायची, मादी तेवढी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एका नर फुलावर चार-पाच कळ्या होतात. मी नोकरीत असताना एका बीजोत्पादन प्लॉटवर हे काम पाहिलं. कळ्या खरडणाऱ्या बहुतेक शाळेच्या वयाच्या मुली होत्या. बोटं लहान, मजुरी लहान. मी तेव्हा काही बोललो नाही, ते आजही टोचतं.

या संकराची सरकी पुन्हा पेरली तर आई-बापाचे गुण फुटतात, एक झाड उंच, एक बुटकं. म्हणून दरसाल पिशवी.

बीटीची परवानगी मिळाली २००२ साली, आणि आपल्याकडे ते जनुक आलं जवळजवळ सगळं हायब्रीडमधूनच. झाडाच्या पानापानात विष आहे, खरं. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. जनुक झाडाला एकाच बाजूनं मिळालेलं, त्यामुळं चारातल्या एका सरकीत ते उतरतच नाही. दोन जनुकांच्या बीटीत सोळातली एक सरकी दोन्हींवाचून राहते आणि काहींत एकच असतं. गुलाबी अळी राहते कुठं? बोंडात. खाते काय? सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिला कुठं पूर्ण विष, कुठं अर्धं, कुठं काहीच नाही. पचवायला शिकायची याहून चांगली शाळा कुठली? पहिल्या जनुकाला ती पुरून उरली हे २०१० साली गुजरातेत जाहीर झालं. २०१७ साली आपल्याकडे काय झालं ते सांगायला नको. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणात आहे, तिथं प्रत्येक सरकीत जनुक असतं. अर्थात घरचं बी ठेवायची मोकळीक कंपनी तिथंही देत नाही.

सगळा दोष फुलाचा नाही. बिगर-बीटीची पुडी आपणच बांधावर टाकली, फरदड आपणच ठेवली.

म्हणून पात्या-फुलं लागल्यापासून वावरात फिरा. ज्या फुलाच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून बांधल्या गेल्यात ती डोमकळी. आत अळी आहे. तोडा आणि नष्ट करा. शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या तरच फवारणीचा विचार करा, दुकानदार सांगतो म्हणून नको.

ज्वारीत कणसाचं फूल वरून खाली उमलत येतं, आणि पराग वारा नेतो. तिथं हात चालत नाही म्हणून नरवंध्य वाण वापरतात. १९६४ साली आलेला सीएसएच-१ असाच. पण सरळ वाणाची ज्वारी असेल तर बी घरी ठेवा. वावराच्या मधली जोमदार कणसं निवडा, फुलावर येण्याआधी त्यांना कागदी पिशवी बांधा. कपाशीतही सरळ वाण आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाचे एकेए-७ देशी आणि रजत अमेरिकन. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकाला संध्याकाळी दोरा गुंडाळा, माशी आत जाणार नाही, त्या बोंडाची सरकी शुद्ध. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क आपल्याला दिला आहे.

मंडपाच्या मागं पऱ्हाटीच्या चार फांद्या आणि दोऱ्याची रिळं ठेवली आहेत. जेवणाआधी या, कळी कशी बांधायची ते दाखवतो. बायांनी आधी यावं, वेचणीला हात त्यांचेच असतात.