आजीचं माहेर कोणतं?

पनवेलहून रोह्याकडे जाताना आपटा सोडलं की जिते स्टेशन लागतं. गावात राहणाऱ्याला कुणी जितेकर म्हणत नाही. तिथे तो पाटील, म्हात्रे, नाहीतर ठाकूर. पोटासाठी मुंबई गाठली की मग लोक त्याला गावावरून ओळखू लागतात. म्हणजे ‘कर’ लावलेलं आडनाव बहुधा पूर्वजांनी सोडलेलं गाव सांगतं. घराण्याचा माग काढणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

याचं फार बोलकं उदाहरण आपल्याच रायगडात आहे. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. नवगावजवळ गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव पांगले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, नवगावकर ही त्यांची आडनावं वाचावीत आणि जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. 1948 नंतर यांतली बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. तिथल्या रोहेकराच्या नातवाला आपलं मूळ शोधायचं तर सुरुवात कुठून करायची, ते त्याच्या नावातच आहे.

मात्र एक मेख आहे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. धर्माच्या कागदावर एक नाव, व्यवहारात दुसरं. अब्राहमचा आबाजी झालेला असतो. दोन्ही नावं शोधली नाहीत, तर एका माणसाचे दोन होतात.

अशीच अडचण कॅनडात क्वेबेकच्या फ्रेंच घराण्यांत येते. तिथे मूळ आडनावाला टोपणनाव जोडत. मग एका भावाची मुलं मूळ नाव लावत आणि दुसऱ्याची टोपणनाव. पण त्यांच्या चर्चच्या वह्यांनी एक मोठं काम केलं. लग्न असो, मुलाचा बाप्तिस्मा असो की दफन, पाद्री बाईचं नाव माहेरच्या आडनावानेच लिहीत. त्यामुळे तिथे आईकडची पिढीही मागे मागे शोधता येते. 1981 पासून तर क्वेबेकच्या कायद्याने लग्नानंतरही बाईचं जन्माचंच नाव कायम राहतं.

आपल्याकडे बाईचं आडनाव बदललं, कित्येक घरांत नावही बदललं. वंशावळीत बाप, आजोबा, पणजोबा ओळीने उभे असतात. पणजी कुठली, कोणाची लेक, हे कुठेच नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते. अर्धं घराणंच त्यात हरवतं.

तरी थोडा आधार आहे. तलाठ्याकडचे जुने फेरफार काढा. मयत खातेदाराच्या नावाखाली वारसांची यादी असते: विधवा, मुलगा, मुलगी, प्रत्येकापुढे नातं. 1956 च्या वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत लेकींची नावं अधिक सापडतात. त्याआधीचे कागद मोडीत असले तर मोडी वाचणारा गाठावा लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा जाणकारांची किंमत सगळ्या महाराष्ट्राला कळली.

पण कागदाआधी माणसं विचारा. घरात वडीलधारी बाई असेल, तर तिला तिचं जन्मनाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव आणि तिच्या आईचं माहेर विचारा. आणि ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा.