उपभोगाची किंमत आणि तारापूरचा किनारा
अधिकाधिक वस्तूंच्या खरेदीतच सुख असते, असे मानणारी जीवनदृष्टी म्हणजे उपभोगवाद. या समजुतीला छेद देणारा विरोधाभास अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये मांडला, तो असा की एकाच देशातील श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगत असली, तरी देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढूनही सरासरी समाधान त्या प्रमाणात वाढत नाही. नव्या वस्तूची मनाला लवकर सवय होते, ज्यास अनुकूलन म्हणतात, आणि शेजाऱ्याशी तुलना मात्र सुटत नाही.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरात उपभोगाच्या या प्रश्नाची आणखी एक, अधिक गंभीर बाजू दिसते. तेथील औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने, कापड आणि पोलाद तयार होते, त्यावर असंख्य कुटुंबांची चूल पेटते, हे नाकारता येणार नाही; परंतु त्याच कारखान्यांचे सांडपाणी जवळच्या नवापूर गावालगतच्या समुद्रात सोडले जाते आणि त्याच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. वस्तूच्या किमतीत न धरलेला, तिऱ्हाइताच्या माथी पडणारा असा खर्च अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणून ओळखला जातो, आणि दूरच्या शहरातील ग्राहकाच्या समाधानाची मोजदाद करताना किनाऱ्यावरील मच्छीमारांचे हे नुकसान त्यातून वजा केले जात नाही.