वजनकाट्यापलीकडचं
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



आज सकाळी फाटकापासून हॉलपर्यंत येताना ११ जणांनी मला विचारलं, "अगं, किती बारीक झालीस! काय केलंस?" सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली की मोजायची खोड लागते, म्हणून आकडा लक्षात राहिला. अकराही जणांना मी सांगितलं, "थोडं चालणं, थोडा खाण्यावर ताबा." ते खरं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. म्हणजे शस्त्रक्रिया करून जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकला. वजन १०४ किलो होतं, मधुमेह सुरू झाला होता. घरच्यांखेरीज मी हे कुणालाच सांगितलं नाही. लोक म्हणतील, सोपा मार्ग काढला, अशी भीती होती.

आज सांगायचं कारण आपल्याच वर्गातली एक मैत्रीण. दीड वर्षापूर्वी तिने फोन करून माझं 'डाएट' विचारलं. मी लिहून पाठवलं. सकाळी एक अंडं, दुपारी अर्धी पोळी आणि वाटीभर वरण. तिने सात महिने ते निष्ठेने केलं. ९ किलो उतरले आणि नंतर ११ परत आले. "माझ्यातच जिद्द नाही गं," असं ती म्हणाली, तेव्हाही मी गप्प बसले.

तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आता सांगते. माणूस कमी खायला लागला की शरीर काटकसर सुरू करतं. विश्रांतीतला ऊर्जाखर्च कमी होतो आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरींनी कमीच होता. त्यांच्यात काय जिद्द नव्हती?

माझ्या बाबतीत घ्रेलिन तयार करणारा बराचसा भाग जठराबरोबरच गेला. अन्न आतड्यात लवकर पोचू लागलं आणि पोट भरल्याची सूचना देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं वाढली. अर्ध्या पोळीवर मी थांबायचे, कारण मला भूकच नसायची. ती थांबायची भूक मारून. आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसलोच नव्हतो.

पण माझा मार्गही सोपा नव्हता. सव्वा वर्षात ३२ किलो उतरले आणि मी हवेत होते. मग एकदा आईकडे पाटावर जेवायला बसले आणि उठता येईना. पंचाहत्तरीच्या आईने हात देऊन मला उठवलं. डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन करून आधीच्या स्कॅनशी ताडून पाहिला. ३२ पैकी २४ किलो चरबी गेली होती, उरलेल्या ८ किलोंत स्नायूही बरेच होते. काट्याला चरबी काय आणि स्नायू काय, दोन्ही सारखेच.

एक किलो स्नायू नुसतं पडून असतानाही दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. शिवाय देहच लहान झाला की त्याचा रोजचा खर्चही उतरतो. म्हणून "उतरलं ना वजन, आता खा पहिल्यासारखं" हे चालत नाही.

आता रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जातील असं बघते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायमचं. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते. पी.टी.च्या तासाला पोटदुखीचं निमित्त काढून बाकावर बसणारी ती मीच, सर! गेल्या वर्षात काटा दीड किलो वर गेलाय, पण पाटावरून मी हात न टेकता उठते.

समोर बसलेल्या सडपातळ मंडळींनीही फार खूश होऊ नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के!

शेवटचं त्या मैत्रिणीसाठी. ती आत्ता याच हॉलमध्ये आहे, नाव घेत नाही. तुझी जिद्द कमी पडली नाही गं. मी तुला अर्धीच माहिती दिली आणि ती मुद्दाम अर्धी ठेवली. मला माफ कर. तूही शस्त्रक्रिया कर, असं मी म्हणत नाही. ते तू आणि तुझे डॉक्टर ठरवाल. आज जेवायला मात्र माझ्या शेजारी बस. माझ्या ताटात काय वाढलंय, किती उरतंय ते बघ आणि हवं ते विचार. या वेळी खरं सांगेन.